लिनक्सवर गोडॉट अडखळतंय? आधी चित्र कोण काढतंय ते शोधा

दिवाळीत सांगलीला गेलो होतो. भाची डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गोडॉट या मुक्त गेम इंजिनमध्ये एक छोटा थ्रीडी गेम बनवते आहे. फराळाची ताटली बाजूला सारून तिनं लॅपटॉप माझ्या पुढ्यात ठेवला. "मामा, हे बघ ना. एक वाडा, एक विहीर, चार झाडं. तरी सात एफपीएस. वर्गातली मुलं म्हणतात, मिंट काढ आणि आर्च टाक."

मिंट आणि आर्च या लिनक्सच्या दोन डिस्ट्रो, म्हणजे तयार आवृत्त्या. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, निघतात तो आकडा. मिंट काढलं नाही. संध्याकाळपर्यंत तोच गेम त्याच मिंटवर ४१ एफपीएसला चालत होता, आणि पुढच्या आठवड्यात ५८ वर गेला. गेमच्या कोडमधली एक ओळही बदलली नव्हती. त्या दुपारी ज्या क्रमानं तपासत गेलो त्याच क्रमानं हा लेख लिहितो आहे, आणि वाटेत दुसऱ्या डिस्ट्रोंवर काय वेगळं निघतं तेही सांगतो.

क्रमाला इथे फार किंमत आहे. बहुतेक जण थेट गेमच्या सेटिंगला हात घालतात. सावल्या बंद करतात, टेक्श्चर लहान करतात, झाडं उडवतात. आणि खाली ग्राफिक्स कार्ड मुळात कामालाच लागलेलं नसतं. मग चांगला दिसणारा गेम उगाच भिकेला लागतो आणि वेग तिथल्या तिथेच राहतो. हे पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण नवीन मुलं इथेच कंटाळून सोडून देतात.

एक सूचना. आज्ञा आपण बोलताना म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठी अक्षरं लागतील तिथे तसं सांगेन.

पायरी १: आकडा लिहून ठेवा

'आधीपेक्षा बरं वाटतंय' हे माप नव्हे. वही घ्या.

गोडॉटच्या एडिटरमध्ये दिसणाऱ्या एफपीएसवर विसंबू नका. काही हलत नसेल तर एडिटर मुद्दाम पुन्हा चित्र काढत नाही, वीज वाचवतो. त्यामुळे तिथला आकडा कधी भलताच कमी, कधी भलताच जास्त दिसतो. गेम चालवून मोजा. टर्मिनलमधून गोडॉट सुरू करताना 'डॅश डॅश प्रिंट डॅश एफपीएस' हा पर्याय जोडला की दर सेकंदाला एक ओळ छापली जाते, त्यात एफपीएस आणि त्याच्या शेजारी कंसात एका फ्रेमला लागलेले मिलिसेकंद असतात. तो मिलिसेकंदांचा आकडा जास्त खरा. ६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद, ३० म्हणजे ३३.३. सात एफपीएस म्हणजे तब्बल १४३ मिलिसेकंद. एवढा वेळ चार झाडांना लागत असेल, तर दोष झाडांचा नाही हे तिथेच कळायला हवं.

मोजताना सीन तोच, कॅमेऱ्याची जागा तीच, खिडकीचा आकार तोच. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये डिस्प्लेच्या खाली व्हीसिंक आहे (फ्रेमचा वेग पडद्याच्या गतीशी बांधणारी सेटिंग), ते मोजण्यापुरतं बंद करा, नाहीतर आकडा ६० ला अडकून राहील आणि सुधारणा दिसणारच नाही. पहिली अर्धी मिनिट सोडून द्या, कारण त्या वेळात शेडर, म्हणजे रंग-प्रकाश कसा काढायचा ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होत असतात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून वेग वाढला, तर कशानं वाढला ते कायमचं कोडं होऊन बसतं.

पायरी २: चित्र कोण काढतंय?

सगळ्या लेखात ही पायरी सर्वांत महत्त्वाची. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात.

गेम सुरू झाला की गोडॉट आउटपुटमध्ये अगदी वरती एक ओळ छापतो. त्यात व्हल्कनची किंवा ओपनजीएलची (ग्राफिक्स कार्डाशी बोलायच्या या दोन भाषा) आवृत्ती, रेंडररचं (गोडॉटमधला चित्र काढणारा भाग) नाव आणि 'युजिंग डिव्हाइस' असं म्हणून कार्डाचं नाव असतं. रोज डोळ्यांसमोर येते, पण वाचत कुणी नाही. भाचीच्या लॅपटॉपवर तिथे रायझन प्रोसेसरमधल्या रेडिऑन ग्राफिक्सचं नाव हवं होतं. होतं 'एलएलव्हीएमपाइप'.

एलएलव्हीएमपाइप म्हणजे ग्राफिक्स कार्ड नव्हे. लिनक्सवरचे मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हर मेसा नावाच्या प्रकल्पात असतात, आणि कार्ड सापडलं नाही तर निदान पडदा काळा राहू नये म्हणून मेसा सगळं चित्र प्रोसेसरकडून काढून घेतो. ओपनजीएलसाठी या सोयीला एलएलव्हीएमपाइप म्हणतात, व्हल्कनसाठी लाव्हापाइप. लाव्हापाइप वापरात असतानाही डिव्हाइसच्या नावात एलएलव्हीएमपाइपच दिसतं. डेस्कटॉप चालतो, ब्राउझर चालतो, व्हिडिओसुद्धा चालतो. त्यामुळे काही बिघडलंय असा संशयच येत नाही. गेम इंजिन उघडल्यावर मात्र पितळ उघडं पडतं.

गोडॉटच्या बाहेरूनही खात्री करून घ्या. 'जीएलएक्सइन्फो डॅश बी' ही आज्ञा द्या, यातला बी मोठा. उबंटू, मिंट, डेबियन आणि आर्चवर ती मेसा-युटिल्स पॅकेजात मिळते, फेडोरावर जीएलएक्स-युटिल्समध्ये. त्यात रेंडररची ओळ वाचा. मग 'व्हल्कनइन्फो डॅश डॅश समरी', हे व्हल्कन-टूल्स पॅकेजातलं. त्यात यंत्राला दिसणारी सगळी कार्डं क्रमानं येतात. शेवटी 'एलएसपीसीआय डॅश के'. यात ग्राफिक्स कार्डाच्या नोंदीखाली कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, कोणता ड्रायव्हर लावलाय ते असतं: एएमडीजीपीयू, आय९१५, एक्सई, नूव्हो किंवा एनव्हीडिया. ती ओळच नसेल, तर कार्ड यंत्रात आहे पण त्याला कुणी विचारत नाही.

भाचीच्या यंत्रावर ती ओळ नव्हती. कारण शोधायला 'कॅट' आज्ञेनं प्रॉक फोल्डरातली सीएमडीलाइन ही फाइल वाचली. कर्नल सुरू होताना त्याला काय काय सांगितलंय ते तिथे एका ओळीत असतं, आणि त्या ओळीच्या शेवटी शब्द होता 'नोमोडसेट'.

आता तिला आठवलं. मिंट टाकताना पडदा काळा पडत होता, म्हणून तिनं मेन्यूतला 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडला होता. तो मोड म्हणजेच नोमोडसेट: ग्राफिक्स ड्रायव्हर लावू नकोस, कसंबसं चित्र दाखव. इन्स्टॉल करण्यापुरतं ठीक आहे. पण तो शब्द पुढे बसवलेल्या सिस्टिममध्येही राहू शकतो, आणि तिच्याकडे तो चार महिने तसाच बसला होता.

काढायचा कसा? उबंटू, मिंट आणि डेबियनवर ईटीसी फोल्डरातल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल असते (ग्रब म्हणजे यंत्र सुरू होताना लिनक्स उघडणारा प्रोग्रॅम). ती सुडोनं, म्हणजे प्रशासकाच्या अधिकारानं, उघडा, 'ग्रब सीएमडीलाइन लिनक्स' नं सुरू होणाऱ्या ओळींमधून तेवढा एकच शब्द काढा, जतन करा, 'सुडो अपडेट-ग्रब' द्या आणि यंत्र पुन्हा सुरू करा. फेडोरावर हेच काम ग्रबी या साधनानं होतं. आधी त्या फाइलची एक प्रत काढून ठेवा. आणि पडदा पुन्हा काळा पडला, तर सुरू होताना ग्रबच्या मेन्यूत ई दाबून तो शब्द त्या एका वेळेपुरता परत लिहिता येतो, म्हणून घाबरायचं कारण नाही.

यंत्र पुन्हा सुरू झालं. गोडॉटच्या ओळीत रेडिऑनचं नाव आलं. ३४ एफपीएस.

पायरी ३: तुमच्या डिस्ट्रोची सवय ओळखा

डिस्ट्रो बदलल्यानं वेग वाढला असं लोक सांगतात, आणि ते खोटं नसतं. पण वाढतो तो बहुधा तीन कारणांनी: कर्नल आणि मेसा किती नवे आहेत, फर्मवेअर आणि कंपनीचे ड्रायव्हर सोबत येतात की मागून आणावे लागतात, आणि वीज व डेस्कटॉपच्या मूळ सेटिंग काय आहेत. ही तिन्ही कारणं आहे त्याच डिस्ट्रोवर हाताळता येतात.

डेबियन जुनं पण स्थिर ठेवतं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये कर्नल ६.१ आणि मेसा २२.३ आहे. त्यानंतर बाजारात आलेलं कार्ड त्याला ओळखता न येणं स्वाभाविक आहे. ऑगस्ट २०२५ मधल्या डेबियन १३ मध्ये कर्नल ६.१२ आणि मेसा २५.० आहे, तेव्हा कार्ड नवं असेल तर आधी तिथे जा. दुसरी गोष्ट फर्मवेअरची. एएमडीच्या कार्डाला सुरू होताना कंपनीची एक छोटी फाइल लागते, ती फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स या पॅकेजात असते. डेबियन १२ पासून यासाठी नॉन-फ्री-फर्मवेअर असा वेगळा विभाग आहे. जुन्या डेबियनवरून अपग्रेड करत आलेल्या यंत्रात तो विभाग सोर्स यादीत नसतो, आणि मग पुन्हा तोच एलएलव्हीएमपाइप. 'सुडो जर्नलसीटीएल डॅश के' मध्ये फर्मवेअर हा शब्द शोधा, लगेच सापडेल.

उबंटू आणि मिंटवर एनव्हीडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजर (उबंटूत 'अॅडिशनल ड्रायव्हर्स') नावाची खिडकी बरंच काम करून टाकते. अडतं ते सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही आत येऊ न देणारी सोय, सुरू असताना. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड विचारला जातो, आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळा पडदा येतो. तो जेमतेम दहा सेकंद थांबतो. तिथे कोणतीही कळ दाबून 'एनरोल मॉक' निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. लोकांचं तिकडे लक्ष नसतं किंवा ते 'कंटिन्यू बूट' निवडतात. ड्रायव्हर बसलेला असतो, पण कर्नल त्याला आत घेत नाही. असं झालं असेल तर 'मॉकयुटिल' आज्ञेनं नोंदणी पुन्हा मागता येते. कर्नल अपडेट झाल्यावर अचानक वेग गेला असेल, तर 'डीकेएमएस स्टेटस' बघा. नव्या कर्नलचं हेडर पॅकेज नसेल तर ड्रायव्हर त्याच्यासाठी तयारच झालेला नसतो.

फेडोरा सोबत फक्त मुक्त ड्रायव्हर देतं. एनव्हीडियाचा ड्रायव्हर आरपीएम फ्यूजन या भांडारातून 'एकेमॉड-एनव्हीडिया' नावानं घ्यावा लागतो. बसवणं संपलं असं टर्मिनल सांगतं, पण मागे ड्रायव्हर अजून तयार होत असतो. पाचेक मिनिटं थांबा. 'मॉडइन्फो डॅश एफ व्हर्जन एनव्हीडिया' ही आज्ञा आवृत्तीचा आकडा छापायला लागली की मगच यंत्र पुन्हा सुरू करा. इथे एफ मोठा. घाई केली की पुढच्या वेळी नूव्हो किंवा एलएलव्हीएमपाइप भेटतो, आणि माणूस उगाच सगळं काढून पहिल्यापासून सुरू करतो.

नूव्होबद्दल एक सांगायला हवं. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेतल्या कार्डांवर हा मुक्त ड्रायव्हर कार्डाचा वेग वाढवूच शकत नाही, कारण त्यासाठी लागणारं सही केलेलं फर्मवेअर त्याच्याकडे नाही. कार्ड चालू होताना ज्या हळू गतीत असतं त्याच गतीत राहतं. त्यामुळे 'युजिंग डिव्हाइस' मध्ये नाव बरोबर दिसतं आणि तरी गेम रांगतो. ट्युरिंग म्हणजे जीटीएक्स १६०० आणि आरटीएक्स २००० पासून पुढे परिस्थिती बरीच सुधारली आहे.

आर्च आणि त्यावर आधारलेल्या डिस्ट्रोंमध्ये सगळं ताजं असतं, पण व्हल्कनचा ड्रायव्हर वेगळा मागावा लागतो: एएमडीला व्हल्कन-रेडिऑन, इंटेलला व्हल्कन-इंटेल. तो नसेल तर ओपनजीएल झकास चालतं आणि गोडॉटचा मुख्य रेंडरर अडतो. अपडेट नेहमी पूर्ण करा, 'पॅकमन डॅश एसवाययू', यात एस मोठा. अर्धवट अपडेटला आर्चचा आधार नाही. आणि कार्ड जुनं असेल तर हे लक्षात ठेवा: मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या जुन्या पिढ्यांच्या कार्डांसाठी एनव्हीडियाची ५८० ही शेवटची ड्रायव्हर मालिका. डिसेंबर २०२५ मध्ये आर्चनं मुख्य पॅकेज ५९० वर नेलं, तेव्हा जीटीएक्स १०६० सारखं कार्ड असणाऱ्यांना ५८० ची मालिका एयूआर या वापरकर्त्यांच्या भांडारातून घ्यावी लागते.

कोणत्याही डिस्ट्रोवर एनव्हीडियाचा ड्रायव्हर अपडेट झाला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं नाही, तर कर्नलमधला तुकडा जुना आणि बाहेरच्या लायब्ररी नव्या अशी फारकत होते. 'एनव्हीडिया-एसएमआय' दिल्यावर 'व्हर्जन मिसमॅच' असं येतं. उपाय एवढाच की रीस्टार्ट करा.

जुन्या एएमडी कार्डांचंही एक खास आहे. एचडी ७७०० ते ७९०० आणि आर९ २०० या मालिकांतल्या बऱ्याच कार्डांना अनेक कर्नल 'रेडिऑन' हा जुना ड्रायव्हर लावतात, आणि व्हल्कन फक्त 'एएमडीजीपीयू' वर मिळतं. कर्नलच्या ओळीत एएमडीजीपीयूचा एसआय-सपोर्ट किंवा सीआयके-सपोर्ट १ आणि रेडिऑनचा तोच पर्याय ० केला की दहा वर्षं जुनं कार्डही व्हल्कन बोलू लागतं.

फ्लॅटपॅकमधून (कोणत्याही डिस्ट्रोवर चालणारी पॅकेजं) गोडॉट घेतलं असेल तर वरचं सगळं ठीक असूनही गाडी अडू शकते, कारण फ्लॅटपॅक स्वतःचे ग्राफिक्स ड्रायव्हर वापरतं. मेसाच्या बाबतीत हा फायदाच आहे, जुन्या डिस्ट्रोवर नवा मेसा मिळतो. पण एनव्हीडियाचा जोडभाग सिस्टिममधल्या ड्रायव्हरच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावा लागतो. ड्रायव्हर अपडेट केला की लगेच 'फ्लॅटपॅक अपडेट' द्या. संशय असेल तर गोडॉटची अधिकृत झिप फाइल उतरवून तीच चालवून बघा. ती एकच फाइल असते, बसवावी लागत नाही. तिच्यावर वेग बरोबर आला तर दोष पॅकेजचा.

पायरी ४: दोन कार्डांचे लॅपटॉप

इंटेल किंवा एएमडीचं आतलं ग्राफिक्स आणि शिवाय वेगळं कार्ड असलेल्या लॅपटॉपवर लिनक्स सहसा आतल्याच ग्राफिक्सवर डेस्कटॉप चालवतं. ओपनजीएल वापरणारा प्रोग्रॅम मग तिथेच राहतो. ग्नोम डेस्कटॉपमध्ये आयकॉनवर उजवी क्लिक करून वेगळ्या कार्डावर चालवण्याचा पर्याय मिळतो. टर्मिनलमधून मेसाच्या कार्डांसाठी आज्ञेच्या आधी 'डीआरआय अंडरस्कोर प्राइम बरोबर १' लिहा, सगळी अक्षरं मोठी. एनव्हीडियासाठी बऱ्याच डिस्ट्रोंवर 'प्राइम-रन' ही छोटी आज्ञा असते. उबंटूवर 'प्राइम-सिलेक्ट क्वेरी' सध्याची निवड सांगते. ती 'इंटेल' असेल तर दुसरं कार्ड बंदच आहे, 'ऑन-डिमांड' करा. व्हल्कनवर गोडॉटला 'डॅश डॅश जीपीयू डॅश इंडेक्स' देऊन कार्डाचा क्रमांकही सांगता येतो. प्रत्येक वेळी ती 'युजिंग डिव्हाइस' ची ओळ पुन्हा वाचा.

पायरी ५: थकलंय कोण?

कार्ड बरोबर आहे, तरी वेग कमी. आता मँगोहड बसवा. 'मँगोहड' हा शब्द आज्ञेच्या आधी लावला की गेमच्या कोपऱ्यात कार्ड किती टक्के, प्रोसेसर किती टक्के, तापमान आणि फ्रेमच्या वेळेचा आलेख दिसतो.

कार्ड ९५ टक्क्यांच्या वर असेल तर काम कार्डाला जड जातंय. कार्ड ४० टक्क्यांवर आणि तरी वेग कमी, तर प्रोसेसरकडे बघा. इथे एक फसगत होते. आठ धाग्यांच्या, म्हणजे एका वेळी आठ कामं चालवणाऱ्या, प्रोसेसरवर एकूण वापर १३ टक्के दिसला म्हणजे तो मोकळा आहे असं वाटतं. पण १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. एक धागा पूर्ण दमलेला आहे आणि बाकीचे सात त्याची वाट बघत बसलेत. गेमचा मुख्य लूप एका धाग्यावर चालतो, म्हणून हे सतत घडतं. मँगोहडमध्ये कोअरनिहाय आकडे सुरू करा.

आणखी खात्री हवी असेल तर गोडॉटमध्ये थ्रीडी स्केल, म्हणजे थ्रीडी चित्राचं रिझोल्यूशन, ०.५ करा. वेग दुप्पट झाला तर भार कार्डावर होता, जागचा हलला नाही तर प्रोसेसरवर. फोरके पडद्यावर १०८०पीच्या चौपट पिक्सेल असतात, हेही तिथल्या तिथे कळून येईल.

दोघेही अर्धवट मोकळे दिसत असतील तर कुणीतरी लगाम धरून ठेवलाय.

पायरी ६: वीज आणि ऊन

भाचीच्या लॅपटॉपवर 'पॉवरप्रोफाइल्ससीटीएल गेट' दिल्यावर उत्तर आलं 'पॉवर-सेव्हर'. कॉलेजात बॅटरी पुरावी म्हणून तिनंच ठेवलं होतं. चार्जर लावून 'परफॉर्मन्स' केलं, ३४ चे ४१ झाले. फेडोरा ४१ पासून हे काम ट्यून्ड नावाचा प्रोग्रॅम करतो, पण डेस्कटॉपच्या सेटिंगमधला पर्याय तोच राहतो. टीएलपी हे वीज वाचवणारं साधन वापरत असाल तर त्याच्यासोबत पॉवर-प्रोफाइल्स-डेमन (वरची आज्ञा याचीच) ठेवू नका, दोघं एकमेकांच्या सेटिंग पुसतात. इंटेल प्रोसेसरवर गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) 'पॉवरसेव्ह' दिसला म्हणून दचकू नका. इंटेल पीस्टेट ड्रायव्हरमध्ये त्या नावाखालीही गरजेप्रमाणे वेग वाढतो. गेमपुरतंच हवं असेल तर फेरलचं गेममोड बसवा आणि आज्ञेआधी 'गेममोडरन' लावा.

उष्णतेकडे आपल्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पंख्याला आत ओढायला गारवाच नसतो, आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. खूण सोपी आहे: पहिली पाच मिनिटं गेम छान चालतो आणि मग हळूहळू मंदावतो. 'सेन्सर्स' आज्ञा चालू ठेवून बघा. तापमान नव्वदीत जाऊन टेकलं आणि त्याच वेळी गिगाहर्ट्झ उतरले, तर जाळीतली धूळ काढा, लॅपटॉप गादीवरून उचलून कडक जागी ठेवा.

पायरी ७: रॅमची एकच पट्टी

हे फार कमी जण तपासतात. वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट देते. दोन पट्ट्या लावल्या की ५१.२. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघं एकाच नळावर पाणी भरत असतात, तिथे दुसरा नळ लागला तर फरक पडणारच.

'सुडो डीएमआयडीकोड डॅश टी मेमरी' दिलं. पहिल्या जागेत ८ जीबी, दुसऱ्या जागेत 'नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड'. पुढच्या आठवड्यात तिनं त्याच वेगाची दुसरी ८ जीबीची पट्टी बसवून घेतली आणि रात्री फोटो पाठवला. कोपऱ्यात ५८. खाली लिहिलं होतं, "मामा, झाडं वाढवली तरी ५०!" नवा लॅपटॉप घेण्याच्या विचारात असाल, तर आधी ही आज्ञा देऊन बघा. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, ते मात्र आधी पाहून घ्या.

पायरी ८: सरासरी चांगली, पण मध्येच झटका

एफपीएस ५८ आणि तरी पहिल्यांदा ठिणगी उडाली की गेम क्षणभर गोठतो. हा शेडरचा झटका. कार्डाला समजेल असं शेडरचं रूप त्या क्षणी बनवलं जातं. गोडॉट ४.४ मध्ये यासाठी मोठी सुधारणा झाली, तेव्हा त्याहून जुनी आवृत्ती असेल तर पुढे या. ड्रायव्हर अपडेट झाल्यावर मेसाचा जुना साठा निकामी होतो आणि झटके एकदा परत येतात. दुसऱ्या खेळीला जात असतील तर चिंता नको.

झटके डिस्कचेही असतात. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असणाऱ्या यंत्रांवर लोक प्रोजेक्ट विंडोजच्या एनटीएफएस भागावर ठेवतात, म्हणजे दोन्हीकडून उघडता येईल. हजारो छोट्या फाइली वाचताना तो भाग दमतो. प्रोजेक्ट होम फोल्डरात हलवा. 'फ्री डॅश एच' मध्ये स्वॅप (रॅम भरली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) भरत चाललेला दिसला तर रॅम कमी पडतेय, ब्राउझरच्या तीस टॅब आधी बंद करा.

एनव्हीडिया आणि वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था, जुनी ती एक्स११) एकत्र असतील आणि चित्र लुकलुकत असेल, मागचीच फ्रेम परत येत असेल, तर ड्रायव्हर ५५५ किंवा त्यापुढचा आणि एक्सवेलँड (जुने एक्स११ प्रोग्रॅम वेलँडवर चालवणारा दुवा) २४.१ किंवा त्यापुढचं आहे का बघा. त्याआधी फ्रेमचा मेळ बसवायची नीट सोयच नव्हती. जुन्या डिस्ट्रोवर अडकला असाल तर लॉगिनच्या पडद्यावर एक्स११ निवडून तुलना करा.

पायरी ९: आता गेमला हात लावा

इथवर आल्यावरच. आतल्या ग्राफिक्सवर एसडीएफजीआय (परावर्तित प्रकाश) आणि व्हॉल्युमेट्रिक फॉग (धुकं) सर्वांत महाग, ते आधी बंद करा. मग सावलीचा आकार, मग एमएसएए (कडा गुळगुळीत करणं). मोबाइल रेंडरर करून बघा. इंटेलच्या चौथ्या पिढीसारख्या जुन्या यंत्रावर व्हल्कन अपुरं आहे, तिथे कम्पॅटिबिलिटी रेंडरर हाच रस्ता, आणि टूडी गेमसाठी तो अजिबात कमीपणाचा नाही. शेवटचं माप एक्स्पोर्ट केलेल्या रिलीज आवृत्तीवर घ्या, डीबग आवृत्ती हळूच असते. गोडॉट स्वतः सोर्सकोडपासून बांधला असेल तर स्कॉन्स या बांधणीच्या साधनाला 'प्रॉडक्शन बरोबर येस' दिलं होतं का ते आठवा.

युनिटी आणि अनरियललाही पहिल्या सात पायऱ्या जशाच्या तशा लागू पडतात. युनिटीत 'डॅश फोर्स डॅश व्हल्कन' आणि 'डॅश फोर्स डॅश जीएलकोअर' असे दोन्ही पर्याय देऊन तुलना करा. अनरियल पहिल्यांदा उघडल्यावर बराच वेळ शेडर बनवत बसतो, तेवढा वेळ मोजमाप करू नका.

हे सगळं करूनही अडलं, तर गोडॉटच्या गिटहबवर तक्रार नोंदवा. सोबत डिस्ट्रो आणि तिची आवृत्ती, 'यूनेम डॅश आर' चं उत्तर (कर्नलची आवृत्ती), व्हल्कनइन्फोचा सारांश, वेलँड की एक्स११, पॅकेज की अधिकृत फाइल, आणि वहीतले आधीचे-नंतरचे मिलिसेकंद द्या. तोच दोष दाखवणारा लहानात लहान प्रोजेक्ट झिप करून जोडा. अख्खा गेम पाठवू नका. एक घन, एक दिवा आणि एक कॅमेरा एवढ्यात दोष दिसत असेल, तर तो शोधणाऱ्याचे दोन दिवस वाचतात.